काटा यायला पाच दिवस लागतात

आमचं वर्ष 31 मार्चला संपतं ते फक्त हिशेबाच्या वहीत. घरात ते रथसप्तमीला संपतं. त्या दिवशी भाड्याने गेलेले शेवटचे संच परत येतात, तुळशीपुढे बोळक्यातलं दूध उतू जातं, आई, म्हणजे माझ्या सासूबाई, पितळी परात चिंचेने घासून माळ्यावर टाकतात, आणि तीन-साडेतीन महिन्यांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवणाची ताटं दिसतात.

आम्ही हलव्याचे दागिने करतो. नाशिकरोडला, जेलरोडच्या राहत्या घरात. कारखाना नाही, दुकानही नाही. पुढची खोली, मागची पडवी आणि हंगामात गच्चीवरची खोली, एवढाच पसारा.

सुरुवात माझ्यापासून झाली असं सांगायला आवडलं असतं, पण ती सासूबाईंपासून झाली. मी 2009 साली लग्न होऊन या घरात आले तेव्हा एका कंपनीत हिशेब बघायचे. डिसेंबरात संध्याकाळी घरी यावं तर आई पडवीत शेगडीपुढे बसलेल्या. कोळशावर राखेचा थर, वर परात, परातीत मूठभर तीळ. शेजारी वाटीत पाक. चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी तीळ फिरवत राहायचं, दाणा न् दाणा कोरडा होईपर्यंत. मग पुढचा चमचा. "हलवत राहायचं म्हणून हलवा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शब्द अरबी आहे हे मला ठाऊक आहे, पण परातीसमोर बसलेल्या बाईला व्युत्पत्ती सांगायला जाऊ नये.

पहिल्या वर्षी मला वाटलं, यात काय एवढं. दोन तासांत माझ्या परातीत तिळाच्या चिकट गोळ्या झाल्या. पाक जास्त पडला होता. दुसऱ्या दिवशी आच मोठी झाली, तर पाकाची तिथल्या तिथे पिठी झाली आणि तीळ उघडेच राहिले. पाक कच्चा एकतारी हवा, उकळताना चमचाभर दूध घालून त्याची मळी काढलेली हवी, आणि परात इतकीच गरम हवी की बोट टिकेल पण विसावणार नाही. पहिल्या दिवशी तीळ फक्त पांढरा दिसतो. दुसऱ्या दिवशी फुगतो. तिसऱ्या दिवशी हाताला खरखरीत लागतो. चौथ्या-पाचव्या दिवशी काटा उभा राहतो. रात्री वरून मलमलचं फडकं टाकून ठेवायचं, सकाळी पुन्हा आच. हवा कोरडी आणि गार लागते. नाशिकची थंडी यात आमची भागीदार आहे आणि पगार मागत नाही.

2011 च्या संक्रांतीला धाकट्या जावेचा पहिला सण होता. आईंनी तिच्यासाठी तन्मणी, बाजूबंद, कंबरपट्टा, बिंदी, नथ, बांगड्या आणि मंगळसूत्र असं सगळं केलं. काळ्या साडीवर तो पांढरा काटा असा काही उठून दिसला की हळदीकुंकवाला आलेल्या बायका वाण घेऊन घरी जायचं विसरल्या. दिराच्या गळ्यात हार, हातात हलवा चिकटवलेला नारळ. फोटो नातेवाइकांत फिरले. पुढच्या दिवाळीत तीन घरांतून विचारणा झाली. आई म्हणाल्या, "साहित्याचे पैसे घे फक्त." मी हिशेब बघणारी बाई. मजुरीही लावली. त्यावरून आमच्यात आठवडाभर अबोला होता.

आणि त्याच हंगामात आम्ही तोंडावर आपटलो.

आईंची जुनी पद्धत दोऱ्याची. हलव्याला सुईने भोक पाडता येत नाही, फुटतो. म्हणून दुहेरी दोऱ्यात दाणा धरून गाठ मारायची, मग पुढचा दाणा, मग गाठ. एका मंगळसूत्राला अख्खी संध्याकाळ जाते. मला घाई होती. मी बाजारातून गोंदाची गरम बंदूक आणली आणि दाणे फटाफट सोनेरी लेसवर चिकटवले. दिसायला देखणं झालं. गरम गोंदाने साखरेचा खालचा थर सैल होतो, हे तेव्हा कुणाला ठाऊक! ऐन हळदीकुंकवात, भरल्या घरात, नव्या सुनेच्या गळ्यातून दाणे टपटप गळायला लागले.

रात्री त्या मुलीच्या सासूबाईंचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त लागलं. "अहो, मंगळसूत्र वाढलं," एवढंच म्हणाल्या. तुटलं म्हणायचं नसतं ना. मी काही बोलायच्या आत आईंनी फोन घेतला. त्या रात्री त्यांनी दिवाळीपासून जपून ठेवलेला काटेरी हलवा बाहेर काढला आणि पहाटे साडेतीनपर्यंत गाठी मारल्या. सकाळी आम्ही दोघी नवं मंगळसूत्र आणि तिळगुळाचा डबा घेऊन त्यांच्या घरी गेलो. आईंनी स्वतः ते सुनेच्या गळ्यात घातलं. पैसे परत द्यायला काढले तर त्या बाईंनी घेतले नाहीत, चहा दिला. मला तो चहा गिळवेना.

त्या दिवसापासून मंगळसूत्र दोऱ्यातच. बाकीच्या दागिन्यांना पुठ्ठ्यावर गार गोंद चालतो, पंख्याखाली सावलीत वाळवतो. गोंदाची बंदूक नानांच्या हत्यारपेटीत आहे, ते तिने चपलांचे पट्टे चिकटवतात.

नाना म्हणजे माझे सासरे. प्रेसमधून निवृत्त. नाशिकरोडला प्रेस म्हटलं की वर्तमानपत्र कुणाच्या डोक्यात येत नाही, नोटा येतात. आयुष्य मोजण्यात आणि तपासण्यात गेलेलं. आमच्याकडे पुठ्ठे तेच कापतात आणि शेवटची तपासणीही तेच करतात. दिव्याखाली बिंदी धरून म्हणतात, "डावीकडे अकरा, उजवीकडे बारा. रद्द." सुरुवातीला राग यायचा. आता गिऱ्हाईक डबा उघडून आधी दोन्ही बाजूबंद शेजारी शेजारी ठेवून बघतं, तेव्हा कळतं की नाना बरोबर होते.

2013 ला मी नोकरी सोडली, मुलगी झाली म्हणून. 2014 च्या संक्रांतीत तिचं बोरन्हाण. काळं झबलं, डोक्यावर मुकुट, हातात बासरी, वरून बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, हरभरे, रेवड्या. फोटोत ती हसते आहे असं सगळे म्हणतात. ती हसत नव्हती, मुकुटाची झालर चावत होती. त्यावरून आमचा एक नियम झाला: बाळाच्या संचात गोंद नाही, तार नाही, टाचणी नाही. साबुदाण्याचे टपोरे दाणेही नाहीत, घशात अडकायची भीती. फक्त तीळ आणि दोरा. त्याला वेळ दुप्पट लागतो आणि किंमत दुप्पट लावता येत नाही. असो.

एक कबुलीही देऊन टाकते. सगळा हलवा आम्ही घरी करत नाही. मोठे दाणे लागतात ते फिरत्या कढईत केलेले, हलवायाकडून विकत येतात. गोल आणि एकसारखे असतात, काटा मात्र बोथट. तीळ, खसखस आणि पाकळ्यांसाठी मगजबी तेवढं घरचं. "सगळं हाताने" असं लिहिलेल्या जाहिराती बघते तेव्हा हसू येतं. आम्ही विचारलं तर सांगतो, कोणता दाणा कुठला.

सामानासाठी नवरात्राआधी एक दिवस मुंबई. पहाटे उठून पंचवटी पकडायची, भुलेश्वरला लेस आणि टिकल्या, अब्दुल रहमान स्ट्रीटवर पुठ्ठा आणि डबे, आणि परत पंचवटीनेच घरी. पहिली काही वर्षं नवरा रजा काढून पोती उचलायला यायचा. आता गल्लीतल्या दोघी येतात, ज्या हंगामात आमच्याकडेच बसतात. एकूण पाच जणी आहेत. दुपारी पोरांच्या शाळा असतात तेवढ्या वेळात गाठी मारतात. पैसे नगावर. त्यातल्या एकीची बोटं आईंच्या तोडीची आहेत, पण परातीवर बसायला ती तयार नाही. म्हणते, "काकू, मला भाजायचं नाही." तिचं काही चुकत नाही. आईंच्या उजव्या हाताच्या तीन बोटांची टोकं गुळगुळीत झाली आहेत. आधारकार्डाच्या यंत्रावर त्यांचा ठसा उमटत नाही.

2020 मध्ये कागदपत्रं केली. उद्यम नोंदणी सुरू झाली तेव्हा तीही करून घेतली. दागिने खायचे नसले तरी सोबत सुट्या हलव्याचे डबे जातात, म्हणून अन्नाची नोंदणीही लागली. 12 लाखांच्या आतल्या उलाढालीला साधी नोंदणी पुरली, फी वर्षाला 100 रुपये. फोटो, आधार आणि जागेचा पत्ता. आम्ही उगीचच सात-आठ वर्षं घाबरून बसलो होतो.

धंद्याचं खरं गणित मात्र कागदात नव्हतं, भिंतीवरच्या कालनिर्णयात होतं, आणि ते नानांना सापडलं. संक्रांत सूर्यावर चालते, 14 किंवा 15 जानेवारी ठरलेली. रथसप्तमी तिथीवर. ती दरवर्षी दहा-बारा दिवस अलीकडे सरकते आणि अधिक महिना आला की एकदम पुढे उडी मारते. हळदीकुंकू आणि बोरन्हाणं होतात ती या दोन दिवसांच्या मध्ये. 2024 ला संक्रांत 15 जानेवारी आणि रथसप्तमी 16 फेब्रुवारी, म्हणजे महिनाभर. 2025 ला रथसप्तमी 4 फेब्रुवारी. आणि यंदा, 2026 ला, 25 जानेवारी. 14 पासून मोजले तर हातात बारा दिवस.

विकत घेणाऱ्याला यातून फरक पडत नाही. भाड्याच्या संचाला पडतो. लांब हंगामात एक संच चार-पाच घरं फिरून येतो, मध्ये दुरुस्तीला दोन दिवस मिळतात. आखूड हंगामात तो दोनच घरं बघतो, आणि सगळ्यांना तो एकाच शनिवारी-रविवारी हवा असतो. म्हणजे आखूड वर्षात संच जास्त लागतात आणि कमाई कमी होते. नानांनी हे काढलं तेव्हा मी दोन वर्षं "मागणी का घटली" म्हणून डोकं धरून बसले होते. मागणी घटलीच नव्हती, दिवस घटले होते. आता संच किती करायचे हे आम्ही दसऱ्यालाच ठरवतो, पुढच्या वर्षीची रथसप्तमी बघून.

हवामानाचं मात्र पंचांग नाही. 2023 ची दिवाळी उरकून आईंनी परात चढवली. तिसरा दिवस झाला होता, काटा धरू लागला होता. 26 नोव्हेंबरला नाशिक जिल्ह्यात अवकाळी पाऊस आणि गारा. निफाडकडे द्राक्षबागा आडव्या झाल्या; आमचं नुकसान त्यापुढे काय सांगायचं. पण घरात सहा ताटांतल्या हलव्याला पाणी सुटलं. काटे बसले आणि दाणे एकमेकांना चिकटले. मी पंखे लावले, शेगड्या लावल्या, तांदळाच्या पुरचुंड्या ठेवल्या. आई आल्या, एक दाणा दाबून बघितला आणि म्हणाल्या, "चहात घालून संपवा." महिनाभर आमच्या चहात तीळ तरंगत होते. तेव्हापासून गच्चीवरच्या खोलीत आर्द्रता मोजायचं लहानसं यंत्र आहे आणि पहिली परात डिसेंबर लागल्याशिवाय चढत नाही. मधल्या दिवसांत पुठ्ठे, लेस आणि डबे उरकून घेतो.

परदेशचं पार्सल याला अपवाद. ते डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघालं नाही तर संक्रांतीला पोचत नाही. त्यासाठी आदल्या वर्षीचा, हवाबंद डब्यात राखलेला हलवा वापरतो. तो किंचित पिवळसर दिसतो आणि तसं आधीच सांगतो. न्यू जर्सीला थंडी असते, तिथून तक्रार येत नाही. मेलबर्नला जानेवारी म्हणजे ऐन उन्हाळा. ऊब राहावी म्हणून घालायची ती काळी साडी त्या उन्हात नेसून आमचा कंबरपट्टा लावलेल्या मुलीचा व्हिडिओ आला होता. घामाने कंबरपट्ट्याची खालची ओळ विरघळली. हसत हसत म्हणाली, "काकू, गोड घाम आला."

या सगळ्यात आमची स्वतःची संक्रांत कुठे असते? भोगीच्या दिवशी दारात गिऱ्हाइकांच्या गाड्या असतात. बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी आई पहाटेच करून ठेवतात, आम्ही ती उभ्याउभ्या, गार झाल्यावर खातो. माझ्या मुलीने तिसरीत निबंध लिहिला होता, "आमच्या घरी संक्रांतीला खूप लोक येतात आणि कोणी बसत नाही." बाईंनी छान असा शेरा दिला. मी तो निबंध वाचून पुढच्या वर्षीपासून किंक्रांतीला दार बंद ठेवायला लागले. करीदिन म्हणून तसंही कोणी फारसं नेत नाही. त्या दिवशी आम्ही दुपारी बाराला उठतो, शिळ्या गुळाच्या पोळ्या तुपात बुडवून खातो, आणि पोर गच्चीवर पतंग घेऊन जाते.

यंदाचे बारा दिवस कसेबसे निभले. दोन संच उशिरा परत आले, एका घरी उंदराने तन्मणी खाल्ला. परात माळ्यावर गेली. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे मे-जूनमध्ये जावयाच्या धोंड्याच्या वाणाची ताटं सजवायचं काम येईल. आणि पुढची रथसप्तमी एकदम 13 फेब्रुवारीला गेली आहे. नानांनी तिच्याभोवती लाल गोल केलाय.

पुढच्या हंगामाची पहिली मागणीही नोंदवून झाली. फोन आला तेव्हा आवाज ओळखला नाही, नाव सांगितल्यावर उठून बसले. जिचं मंगळसूत्र भर हळदीकुंकवात वाढलं होतं, ती. तिच्या धाकट्या जावेचं लग्न ठरलंय. सगळा संच हवा होता, कंबरपट्टा, नथ, सगळं. किंमत विचारली नाही. एवढंच विचारलं, "मंगळसूत्र दोऱ्यातलंच ना?"