तुम्ही विचारलंत म्हणून: मिरज की सोलापूर?

नीटचा निकाल लागून एमबीबीएसच्या कॉलेजांचा प्राधान्यक्रम भरायची वेळ आली की हा प्रश्न येतोच: "दोन्ही सरकारी, दोन्ही जुनी, मग वर कोणतं टाकू?" मिरज-सोलापूर ही जोडी घेऊ, कारण ती कागदावर खरंच जुळी आहे. मिरजेचं सरकारी वैद्यकीय कॉलेज १९६२चं, सोलापूरचं डॉ. वैशंपायन स्मृती कॉलेज १९६३चं. जागा दोन्हीकडे २००. दोन्ही नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, म्हणजे लेखी पेपर तोच आणि पदवीही तीच. साडेचार वर्षं अभ्यासक्रम, एक वर्ष इंटर्नशिप, मग बंधपत्राची म्हणजे लिहून दिलेली सरकारी सेवा, यातही फरक नाही. नीट-पीजीला, म्हणजे पुढच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेला, कॉलेजच्या नावाचे गुण मिळत नाहीत.

मग लोक कट-ऑफ, म्हणजे प्रवेश कुठे थांबला ते, काढून बसतात. गेल्या वर्षीच्या मुलांनी काय निवडलं एवढंच त्यातून कळतं, वॉर्डात काय शिकायला मिळतं ते नाही. निदान गुणांची तुलना तरी करू नका. २०२४ला ७२० पैकी ७२० मिळवणारे अनेक होते, २०२५ला देशात पहिल्या आलेल्याचे ६८६. राज्य गुणवत्ता क्रमांक पाहा. २०२०च्या आधीच्या याद्या तर बाजूलाच ठेवा, कारण ७० टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना राखणारा ७०:३०चा प्रादेशिक कोटा त्या वर्षी रद्द झाला.

पाहायचं ते हे, की रुग्ण आणि विद्यार्थी यांच्या मध्ये किती माणसं उभी आहेत. २०० मुलांच्या दहा तुकड्या केल्या तरी एका खाटेभोवती २० जण होतात. पुढच्या पाच-सहांच्या हाताला वाढलेली प्लीहा लागते, मागचे ऐकून वहीत उतरवतात. त्यात रेसिडेंट येतात, म्हणजे तिथेच पदव्युत्तर शिक्षण (पीजी) घेणारे डॉक्टर. ज्या विभागात पीजीच्या जागा भरपूर, तिथे रात्री दोनलाही शंका विचारायला कुणीतरी असतं, पण टाके आणि प्रसूती त्यांच्याच वाट्याला जातात. पीजी कमी असले की इंटर्नचा हात बसतो, पण चुकीची पद्धत अंगवळणी पडली तर दुरुस्त करणारं कुणी नसतं. माझा कल पीजी थोडे कमी असलेल्या बाजूला. बंधपत्राखाली प्राथमिक आरोग्य केंद्रात एकट्याने उभं राहायचं असतं आणि तिथे रेसिडेंट नसतो.

म्हणून चौकशी इंटर्नकडे करा, पहिल्या वर्षाच्या मुलाकडे नको. त्याला अजून फक्त डिसेक्शन हॉल आणि मेस माहीत असते. "कॉलेज कसं आहे?" असं विचारलं की "मस्त आहे" एवढंच उत्तर येतं. आकडे विचारा: लेबर रूमच्या पोस्टिंगमध्ये स्वतः किती प्रसूती केल्या? कॅज्युअल्टीत (तातडीच्या विभागात) टाके कोण घालतं? रक्त कोण काढतं, आणि नमुने लॅबला पोचवायला कोण पळतं? दिवसभर बाटल्या आणि नमुनेच वाहत असाल तर त्या वर्षात हमाली जास्त झाली, शिक्षण कमी. एकाच इंटर्नवर विसंबू नका. युनिट बदललं की चित्र बदलतं. मेडिसिन, सर्जरी आणि स्त्रीरोग या तिन्ही विभागांतला एकेक गाठा. शक्य असेल तर मधल्या वारी सकाळी साडेदहाला ओपीडीत उभे राहा. बाहेर रांग असूनही आत शिकवणं चालू आहे का, ते अर्ध्या तासात दिसतं.

या दोघांतला उघड फरक ठिकाणाचा. मिरजेच्या कॉलेजला दोन रुग्णालयं आहेत, मिरजेचं आणि सांगलीचं, मध्ये दहाएक किलोमीटर. रुग्णांचा पसारा मोठा, पण पोस्टिंग सांगलीत आणि दुपारचं लेक्चर मिरजेत असेल तर जेवणाचा बळी जातो. हजेरी लेखी विषयाला ७५ आणि प्रात्यक्षिकाला ८० टक्के लागते, त्यामुळे बस चुकण्याला किंमत आहे. सोलापूरला ही यातायात नाही.

भाषेचा विचार फारसं कुणी करत नाही. सोलापूरला कलबुर्गी-विजयपूरकडचे कन्नड रुग्ण येतात आणि शहराच्या पूर्व भागात तेलुगू बोलतात. मिरजेतही कन्नड आहेच. "दुखतं म्हणजे टोचतं की जळजळतं?" हे दुभाष्यामार्फत विचारावं लागलं की हिस्टरी, म्हणजे रुग्णाने सांगायची आजाराची हकीकत, अर्धी राहते. घरी कन्नड बोलणाऱ्या मुलाला दोन्हीकडे फायदाच.

होस्टेलबद्दल दोनच प्रश्न: पहिल्या वर्षी खोली नक्की मिळते का आणि रविवारी रात्री मेस चालू असते का. एवढं करूनही पारडं समान राहिलं तर घरी थेट गाडी जाते ते वर टाका.

फॉर्म भरताना मिळण्याची शक्यता पाहून क्रम लावू नका. वाटप गुणवत्तेने होतं, त्यामुळे हवं असलेलं कॉलेज वर टाकल्याने खालचं हातचं जात नाही. प्रत्येक नावासमोरचा कोड ताडून पाहा. पहिल्या फेरीत मनासारखं मिळालं तर प्रवेश घेताना स्टेटस रिटेन्शन फॉर्म भरा, म्हणजे हीच जागा ठेवायची, पुढच्या फेऱ्या नकोत, असं लिहून द्या. तो न भरता पुढच्या फेरीत राहिलात आणि वरचं कॉलेज मिळालं, तर आधीची जागा आपोआप रद्द होते. "बघू तरी काय लागतं" म्हणून राहिलेले इथेच अडकतात.