मासवडी खायला जुन्नरला जाताय? आधी फोन करा

श्रावण लागला की आमच्याकडे मटण बंद, पण झणझणीत रश्शाची आठवण काही बंद होत नाही, मग कोणीतरी जुन्नरच्या मासवडीचा विषय काढतंच. यावेळी दोन घरं मिळून निघालो, सासूबाई आणि पोरं धरून, आणि मुद्दाम गुरुवार निवडला, कारण पावसाळ्यात शनिवार-रविवारी जुन्नरजवळच्या नाणेघाटाच्या रस्त्यावर नुसत्या गाड्याच बघायला मिळतात.

रस्ता सरळ आहे, नाशिक फाटा, मोशी, चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव आणि तिथून डावीकडे जुन्नर, पुण्यातून साधारण ९५ किमी. सगळी गोम चाकणला. पहाटेच निघा, एकदा का कंपन्यांच्या बसेस सुरू झाल्या की तिथंच अडकून पडाल. नारायणगावला बायपासने सुसाट जाऊ नका, थेट आळेफाट्याला निघाल. एसटीवाल्यांनो, शिवाजीनगरच्या गाड्या आता वाकडेवाडीहून सुटतात.

सकाळी शिवनेरी, मग जेवण, हा क्रम उलटा करू नका, भरल्या पोटी त्या पायऱ्या चढवत नाहीत. सात दरवाजे, शिवाई देवी, जन्मस्थान, निवांत बघायचं तर तीनेक तास धरा. दगड शेवाळलेले असतात, चपला नकोतच, बूट घाला.

आता मेन मुद्दा. हायवेवर 'घरगुती जेवण' अशा पाट्या पैशाला पासरी. मागे एका ठिकाणी दर्शनी भागात चूल मांडलेली, शेजारी सेल्फी पॉइंट, आणि भाकरी आली ती आतल्या गॅसवरची, तीही गार. म्हणून यावेळी ओळखीतून नाणेघाटाच्या रस्त्यावरच्या एका घरी आदल्या दिवशीच फोन करून सांगितलं. माणसं किती, तिखट किती, एवढंच विचारलं त्यांनी.

ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी, मासवडीत मासा नसतो, शुद्ध शाकाहारी प्रकार आहे. बेसन हळद-मीठ घालून पिठल्यापेक्षा खूप घट्ट शिजवतात, ओल्या फडक्यावर थापतात, वर भाजलेलं सुकं खोबरं, तीळ, खसखस, लसूण, कोथिंबीर यांचं सारण. मी स्वयंपाकघराच्या दारातच उभी होते. मावशी वाफाळता गोळा पाण्याचा हात लावून थापत होत्या, बोटं भाजत असणार पण थांबता येत नाही, गार झालं की बेसन दुमडताना चिरतं. मग फडकंच उचलून दोन्ही बाजूंनी घडी, कडा दाबून माशासारखा आकार आणि सुरीने वड्या. हे सगळं आयत्या वेळी गेलात तर कसं होणार, तुम्हीच सांगा, म्हणून तो फोन.

आणि खरं सांगू, वडी छानच, पण जीव रश्शात आहे. भाजलेला कांदा-खोबरं, काळा मसाला, वर लाल तर्री. भाकरी कुस्करून, वडी रश्शात बुडवून खायची, वर कच्चा कांदा आणि लिंबू. सासूबाई म्हणाल्या, "अगं, मटणाची आठवणसुद्धा येत नाही." मावशी आतून ओरडल्या, "सावकाश जेवा, संपली की दुसरी टाकते!" पोरांसाठी रस्सा कमी तिखट सांगून ठेवा, नाहीतर ती इंद्रायणीचा भात आणि दह्यावरच उठतात.

बाकी बारीकसारीक, बसायला भारतीय बैठक असते, गुडघे दुखणाऱ्यांसाठी खुर्ची फोनवरच सांगा. बाथरूम घरातलंच असतं, तेव्हा पाय धुऊन जा. कॅश ठेवा, नाणेघाटाच्या वाटेवरच्या आपटाळ्याच्या पुढे नेटवर्क मधेच जातं आणि मग स्कॅनर घेऊन अंगणभर फिरत बसावं लागतं. दर आधीच विचारा, त्यात त्यांनाही काही वाटत नाही. दुपारी दीडपर्यंत पोहोचा, त्यांनाही पुढे शेतातली कामं असतात.

जेवून नाणेघाट. धुकं असेल तर कोकण दिसणारच नाही, पण सातवाहनांच्या नागणिका राणीचा ब्राह्मी लेख असलेली गुहा आणि जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण कुठे जात नाही. कड्याजवळ वारा जबरदस्त असतो, पोरांचा हात सोडू नका.

चारच्या सुमारास परत फिरा, संध्याकाळचं चाकण सकाळपेक्षा वाईट. आणि पार्सल हवं असेल तर घरून स्टीलचे डबे न्या, रस्सा वेगळा, वड्या वेगळ्या, पिशवीत बांधलेली तर्री राजगुरुनगरपर्यंत सीटवर येते.