वीस मार्चची बादली

कॉलेजचं गॅदरिंग दणक्यात व्हायचं, पण माझा जीव अडकलाय तो २० मार्चच्या कार्यक्रमात. भूतानने सुचवलं आणि २०१२ साली संयुक्त राष्ट्रांनी ठरवलं, की हा आनंदाचा दिवस. आमच्या मेकॅनिकलच्या पोरांनी तो कुठून तरी हुडकून काढला. कॉलेजकडून मिळालं काय, तर हॉल आणि 'परीक्षा जवळ आल्यात, आटपतं घ्या' ही सूचना. वर्गणी, माइक, निवेदन सगळं पोरांचं. मी वर्कशॉपचा माणूस. पक्कड मागायला आले आणि मलाच घेऊन गेले.

दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ उरकायचं. पाहुणा कुणीही असो, विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत केलेलं नाटक आणि हळदीचा बाजार घेतल्याशिवाय त्याची गाडी पुढे सरकायची नाही. तेवढ्यात मी खुर्च्या मोजायचो. तीनशे मांडलेल्या, भरलेल्या ऐंशी. स्टाफ पहिल्या रांगेत, फोटोपुरता. एका विभागप्रमुखांची तर चार वर्षं नेमकी त्याच दिवशी दाढ दुखली. असो. भडंग वाटायला घेतलं की मात्र हॉल पुरायचा नाही.

सकाळी गाणी, मास्तरांच्या नकला. खरा कार्यक्रम दुपारी अडीचला. वर्षभरात फसलेला प्रोजेक्ट स्टेजवर आणायचा आणि का फसला ते सांगायचं. नंबर नाही, बक्षीस नाही. जिंकलेल्यांची भाषणं मी पोत्यानं ऐकलीत, सगळी आभारातच संपतात. फसलेला पोरगा मात्र स्क्रूसकट सांगतो.

२०२० ला ऐन वेळी कॉलेज बंद झालं, पुढचं वर्षही वाया गेलं. २०२२ ला नदीकाठच्या गावचा एक सेकंड इयरचा मुलगा रंगाची रिकामी बादली घेऊन आला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ४० फूट पाणी म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे सांगलीत शेंबडं पोरही सांगतं. २०१९ च्या ऑगस्टात ते ५७ च्या वर गेलं, तेव्हा याच्या आजीला रात्री माळ्यावरून उतरवून न्यावं लागलं होतं. म्हणून यानं बादलीच्या बुडाला भोकं पाडली, आत फ्लोट स्विच बसवला आणि ओढ्याकडेच्या खांबाला ती टांगली. पाणी चढलं की भोंगा. तो वाजला डिसेंबरात, रात्री दोनला. डिसेंबरात कसला पूर, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. अख्खी गल्ली ट्रंका घेऊन बाहेर. बघतात तर म्हैस खांबाला पाठ घासत उभी.

हॉल हसून हसून लोळला. तो हसला नाही. म्हणाला, "आज्जी म्हनली, कशाला रं एवढा खटाटोप, घाटाच्या पायऱ्या मोजायला येत्यात की मला." मग माइक जरा खाली घेतला. "पण सर, आज्जीला आता दिसत न्हाई."

पुढच्या वर्षी तो परत आला. म्हशीचा बंदोबस्त झाला होता, पण वायर उंदरांनी खाल्ली होती. त्या दिवशी मी खुर्च्या मोजल्या नाहीत.

राबणाऱ्यांचं कुणी लिहीत नाही, म्हणून लिहितो. उधारी न मागणारे कँटीनचे मामा, लायब्ररीतली टेबलं गुपचूप देणाऱ्या मॅडम, पहाटे पाचला रांगोळी घालणाऱ्या होस्टेलच्या मुली, स्पीकर आणणारा टमटमवाला, दोन्ही वॉचमन (रात्रीचा जास्त), हॉल झाडणाऱ्या मावशी. वीज गेल्यावर स्वतःच्या गॅरेजमधून जनरेटर ओढत आणणारा तो समोरचा मेकॅनिक या यादीतून राहूनच जात होता. त्याला आम्ही साधा नारळही दिला नाही.

रिटायर होताना चार्ज दिला, तेव्हा ती बादली डेडस्टॉकच्या रजिस्टरात कुठेच नव्हती. पोरगा पास होऊन गेलेला. घरी आणली. बायकोनं त्यात तुळस लावायची म्हणून दोनदा उचलली, मी दोनदा काढून घेतली. माळ्यावर आहे. सेल काढून ठेवलेत, नाहीतर मांजर गेलं तरी वाजते.