400 एचपीचा कागद

जुनं इंजिन विकत घेण्याआधी ते तपासून देणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. त्यातही कुणी आधीच हात घातलेलं, टर्बो चढवलेलं, कॅम बदललेलं इंजिन असलं की सगळं बोलणं एकाच प्रश्नावर येतं: किती एचपी? मध्यंतरी एका तरुण मुलासाठी असंच एक इंजिन बघायला गेलो. दोन लिटर, चार सिलिंडर, टर्बो, स्टँडला बांधून ठेवलेलं. विकणाऱ्याने इंजिनावरचं कापड काढायच्या आधी डायनोचा, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, कागद माझ्या हातात दिला. वर मोठ्या अक्षरात 400 एचपी. माणूस सरळ होता, हे आधीच सांगतो. त्यालाही हे इंजिन याच कागदासकट मिळालं होतं, आणि त्याने ते कधी गाडीत बसवलंही नव्हतं.

डायनोचा आलेख हातात आला की मी आधी दोन रेषा कुठे छेदतात ते बघतो. टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, पाउंड-फुटात आणि ताकद एचपीत, दोन्ही एकाच पट्टीवर काढलेलं असेल तर त्या रेषा 5252 आरपीएमला छेदायलाच हव्यात. एचपी वेगळं मोजत नाहीत. टॉर्क गुणिले आरपीएम भागिले 5252, एवढाच तो हिशोब. न्यूटन-मीटर आणि किलोवॅट असेल तर हीच जागा 9549 वर सरकते. इथे रेषा जिथे छेदायला हव्या तिथेच छेदत होत्या. कागद बनावट नव्हता.

पण 400 हा आकडा पेनाने लिहिलेला होता. छापलेला आकडा 340, तोही चाकांवरचा. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमध्ये 15 टक्के ताकद खर्च होते असं धरून कुणीतरी 340 ला 0.85 ने भागलं होतं. हे 15 टक्के म्हणजे अंदाज. त्या गाडीवर ते कुणी मोजलेले नव्हते. शिवाय कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘एसटीडी’ होतं. डायनो त्या दिवसाच्या हवेचा आकडा एका ठरलेल्या हवेत बदलून छापतो. एसटीडी या जुन्या पद्धतीत ती हवा साधारण 15.5 अंशांची, गार आणि दाट. एसएई जे1349 या मानकात 25 अंशांची. त्यामुळे इंजिन तेच, धाव तीच, तरी एसटीडीचा आकडा सुमारे 4 टक्क्यांनी वर येतो. म्हणजे एसएईच्या हिशोबाने चाकांवर 327 च्या आसपास.

असे फुगलेले आकडे फक्त जुन्या इंजिनांच्या बाजारात असतात असं कुणी समजू नये. 1971 पर्यंत अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यासुद्धा एअर फिल्टर, पंखा, सायलेन्सर काहीही न जोडता बाकावर चालवलेल्या इंजिनाचे ‘ग्रॉस’ आकडे जाहिरातीत छापत. 1972 पासून ‘नेट’ आकडे आले आणि त्याच इंजिनांची ताकद कागदावर धाडकन खाली आली. आकडा कोणत्या परिस्थितीत मोजला हे विचारणं म्हणजे विकणाऱ्यावर संशय घेणं नव्हे. मी हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो.

तरीही 327 हा भरपूर मोठा आकडा आहे. मुलाचे डोळे चमकलेलेच होते. मी कागद बाजूला ठेवला आणि फ्युएल रेलकडे, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीकडे, वळलो.

माझा सगळ्यात जास्त भरवसा इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरवर. इंजिनाला जेवढं पेट्रोल मिळतं त्याच्या पलीकडे ते ताकद देऊच शकत नाही. इंजेक्टरच्या रंगावर अनेक जण जातात, मी नाही. रंगाने फसायला होतं. चिंधीने काजळी पुसली, टॉर्च लावला आणि अंगावर कोरलेला पार्ट नंबर वाचला. मिनिटाला 550 सीसी, 3 बार दाबाला. चारही तसेच. तिथेच पाठकोऱ्या कागदावर मुलाला हिशोब करून दाखवला. चार इंजेक्टर मिळून तासाला 132 लिटर. इंजेक्टर सतत उघडा ठेवता येत नाही, 85 टक्क्यांपर्यंत ठीक, म्हणजे 112 लिटर, वजनात सुमारे 83 किलो. टर्बो इंजिनाला पेट्रोलवर एका एचपीला तासाला साधारण 270 ग्रॅम लागतं. भागाकार केला की 300 च्या थोडं वर. तेही क्रँकवर, म्हणजे इंजिनाच्या स्वतःच्या दांड्यावर, चाकांवर नव्हे.

“दाब वाढवला असेल, काका,” मुलगा म्हणाला. प्रश्न चांगला होता. पण दाब 3 चा 4 बार केला तर पेट्रोल वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं, साधारण 15 टक्के. तरी 355 च्या आसपास गाडी थांबते. आणि रेलवरचा दाब ठरवणारा रेग्युलेटर तर कंपनीचाच होता, कुणी न छेडलेला.

कागद खरा आणि हे इंजेक्टरही खरे, तर मधे काहीतरी घडलं होतं. विकणाऱ्याने आमच्यासमोरच आधीच्या मालकाला फोन लावला. उत्तर लगेच मिळालं: डायनोच्या वेळी मोठे इंजेक्टर होते, ते त्याने वेगळे विकले, हे बसवले, आणि “थोडे दिवस चालवली.” बूस्ट, म्हणजे टर्बो हवा किती दाबाने आत ढकलतो तो दाब? “तोच.”

हे ऐकल्यावर मला एचपीपेक्षा पिस्टनची काळजी वाटायला लागली. हवा तेवढीच आणि पेट्रोल कमी, म्हणजे पूर्ण भाराला मिश्रण लीन. आयडलिंगला असं इंजिन छान चालतं, कारण तिथे पेट्रोल लागतंच किती! मार बसतो तो जोर लावल्यावर.

प्लग काढले. तिसऱ्याच्या पांढऱ्या चिनी मातीवर मिठाच्या कणांएवढे चकचकीत ठिपके होते. ते ॲल्युमिनियम होतं, पिस्टनमधून निघालेलं. मग लीकडाउन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमध्ये भरलेली हवा किती टक्के गळते ते बघणं. पिस्टन टीडीसीला, म्हणजे सगळ्यात वरच्या टोकाला, आणून सिलिंडरमध्ये हवा भरताना क्रँकच्या बोल्टवर पाना घट्ट धरून ठेवावा लागतो, नाहीतर हवा पिस्टन खाली ढकलते आणि पाना हातावर येतो. मुलाने धरला. पहिला, दुसरा, चौथा 8-9 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे चांगले. तिसरा 24. ऑइल टाकायचं झाकण उघडून त्याला कान लावायला सांगितला. आतून सूं आवाज येत होता. इनटेककडे आणि एक्झॉस्टकडे शांत, म्हणजे व्हॉल्व्ह बरे. हवा पिस्टनच्या रिंगांमधून खालच्या ऑइल चेंबरकडे जात होती. बोरस्कोप, म्हणजे नळीच्या टोकाचा बारीक कॅमेरा, आत सोडला तेव्हा पिस्टनच्या कडेला बारीक खड्ड्यांची झालर दिसली. डिटोनेशनची, म्हणजे मिश्रण स्फोटासारखं पेटण्याची, ही खूण एकदा नीट पाहिली की पुन्हा ओळखायला वेळ लागत नाही. रिंग लँड, म्हणजे पिस्टनवर दोन रिंगांच्या खाचांमधली पट्टी, तुटली असणार, असं मी दोघांनाही सांगितलं.

सौदा मोडला नाही. विकणाऱ्याने स्वतःच किंमत उघडायच्या इंजिनाची केली, आणि ब्लॉक, हेड, टर्बो चांगले असल्यामुळे मीही मुलाला घे म्हणालो. उघडल्यावर तिसऱ्या पिस्टनची दुसरी रिंग लँड तुटलेली निघाली, सिलिंडरच्या भिंतीवर उभा ओरखडा होता, पण बोअर करून निघण्याइतकाच. चारही पिस्टन नवे घातले. इंजेक्टर तेच ठेवून बूस्ट खाली आणला आणि मॅप, म्हणजे पेट्रोल आणि ठिणगी ठरवणारा इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला तक्ता, नव्याने लिहून घेतला. डायनोवर चाकांना 238 एचपी आले, एसएईने. मी त्याला त्याच कागदावर पेट्रोलचा ऑक्टेन, बूस्ट आणि इंजेक्टरचा पार्ट नंबर लिहून ठेवायला लावलं. क्रँकचा आकडा लिहू दिला नाही.