दोन ओळींचा प्लेग आणि एक पेन ड्राइव्ह

आठवीला सशस्त्र क्रांतिकारी चळवळीचा धडा शिकवताना रँडच्या वधाचा भाग मी कित्येक वर्षं पाच मिनिटांत उरकत आले. पुण्यात प्लेग आला, साथ आवरायला नेमलेला इंग्रज अधिकारी रँड याने जुलूम केला, २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनी त्याला गोळ्या घातल्या. मुलं तारीख वहीत उतरवायची, चाचणीत ‘कारणे लिहा’चं उत्तर बरोबर यायचं आणि आम्ही पुढच्या मुद्द्याकडे वळायचो.

कोरोनानंतर शाळा सुरळीत सुरू झाल्यावर याच जागी एका मुलाने हात वर केला. “बाई, जुलूम म्हणजे नक्की काय केलं? साथ आली की घरं तपासणारच ना. आमच्या गल्लीत पण पत्रे ठोकले होते.” मी ‘सोवळ्या-ओवळ्याचा विचार न करता सैनिक घरात शिरले’ वगैरे सांगितलं. त्याचं समाधान झालं नाही, आणि खरं म्हणजे माझंही झालं नाही. प्लेगबद्दल मला पुस्तकातल्या दोन ओळींपलीकडे फारसं माहीत नव्हतं. त्या रात्री मी मोबाइल घेऊन शोधायला बसले.

आमची शाळा सातारा जिल्ह्यातल्या एका गावात आहे. आठवीत बेचाळीस मुलं, पस्तीस मिनिटांचा तास, आणि वर्गात ग्रामस्थांनी लोकवर्गणीतून दिलेला एक मोठा टीव्ही. विकत घ्यावी लागणारी कोणतीही शैक्षणिक सेवा आम्हाला परवडणारी नाही, त्यामुळे जे मोफत आहे त्यातूनच सगळं उभं करायचं होतं.

सुरुवात घरच्या गोष्टींपासून केली. पाठ्यपुस्तकावरचा क्यूआर कोड स्कॅन करून ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक ॲपवर काय आहे ते पाहिलं. बालभारतीच्या संकेतस्थळावरून पुस्तकाची पीडीएफ उतरवली, म्हणजे हवं ते पान टीव्हीवर मोठं करून दाखवता येतं. मराठी विश्वकोशातली प्लेगची नोंद वाचली. एवढ्यावर रोग कळतो, पण १८९७ सालचं पुणं डोळ्यांसमोर येत नाही. मला त्या काळातले कागद हवे होते.

ते परदेशातल्या ग्रंथालयांत मिळाले. लंडनच्या वेलकम कलेक्शनमध्ये मुंबईतल्या १८९६-९७ च्या प्लेगच्या छायाचित्रांचा आल्बमच आहे आणि तो कुणालाही मोफत बघता येतो, उतरवून घेता येतो. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने ब्रिटिश काळातल्या भारतातल्या रोगराईवरचे सरकारी अहवाल स्कॅन करून ठेवलेत, त्यांत शब्द टाकून शोधताही येतं. इंटरनेट आर्काइव्हवर जुने अहवाल आणि पुस्तकं आहेत. आपल्याकडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ आहे. मुंबईतल्या साथीचा जो कागद बघायला एरवी लंडन गाठावं लागलं असतं, तो मी रात्री अकरा वाजता स्वयंपाकघरात बसून वाचत होते. या गोष्टीचं अप्रूप मला अजूनही वाटतं.

पहिला तास मात्र फसला. मी थेट वर्गात संकेतस्थळ उघडायला गेले. मोबाइलचा हॉटस्पॉट लावला, टीव्हीवर गोल चक्र फिरत राहिलं, चित्र अर्धं उमटून थांबलं आणि वीस मिनिटं हातातून गेली. मागच्या बाकांवर गोंधळ सुरू झाला तो शेवटपर्यंत आवरला नाही. त्या दिवसापासून नियम केला की वर्गात इंटरनेट वापरायचंच नाही. सगळं घरी उतरवायचं, पेन ड्राइव्हवर घ्यायचं आणि मुख्य सहा छायाचित्रांच्या मोठ्या रंगीत झेरॉक्स काढून ठेवायच्या. वीज गेली तरी तास चालतो. गावाकडच्या शिक्षकांनी एवढी एक गोष्ट केली तरी निम्मा त्रास वाचेल.

दुसरी चूक जास्त महत्त्वाची होती. समाजमाध्यमावर ‘पुण्यातला प्लेग, १८९७’ अशा ओळीखाली एक छायाचित्र फिरत होतं. प्रसंगाला अगदी चपखल होतं म्हणून मी ते घेतलं आणि वर्गात दाखवलंसुद्धा. आठवड्याने वेलकमच्या संग्रहात आणखी काही शोधताना तेच छायाचित्र समोर आलं. मूळ पानावर लिहिलं होतं, कराची. कराचीतही तेव्हा प्लेग होता आणि ते शहर मुंबई इलाख्यातच होतं, पण ते पुणं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मुलांना हे जसंच्या तसं सांगितलं. दोन्ही पानं शेजारी शेजारी टीव्हीवर लावली. एका पानावर छायाचित्र कुठल्या संग्रहातलं, कधीचं, कुठलं, याची नोंद होती. दुसऱ्यावर फक्त एक ओळ आणि खाली हात जोडल्याची चिन्हं. त्या दिवसापासून वर्गात एक सवय लागली. कुणी काहीही दाखवलं की पोरं विचारतात, “मूळ पान कुठंय?” आठवीच्या पहिल्याच धड्यात इतिहासाची साधने शिकवताना मी भौतिक, लिखित, मौखिक हे प्रकार पाठ करून घेत होते. साधन तपासायचं म्हणजे काय करायचं, ते या चुकीमुळे त्यांच्या हाताला लागलं.

मग खरा तास घेतला. सात-सात मुलांचे सहा गट केले आणि प्रत्येक गटाला एक छायाचित्र दिलं. प्रश्न तीनच. काय दिसतंय? काय दिसत नाही? हे कुणी आणि कशासाठी टिपलं असेल?

एका छायाचित्रात पाण्याच्या इंजिनाने घरं धुण्याचं काम चाललेलं आहे. दुसऱ्यात तात्पुरत्या प्लेग दवाखान्याचा आतला भाग आहे, खाटा आणि त्यांवरचे रुग्ण. पहिल्या प्रश्नाची उत्तरं धडाधड आली. पोरांची नजर फार तीक्ष्ण असते, मला न दिसलेल्या गोष्टी त्यांनी दाखवल्या. दुसऱ्या प्रश्नाला वर्ग शांत झाला. मग इंजिनाचं छायाचित्र मिळालेल्या गटातली एक मुलगी म्हणाली, “बाई, ज्यांचं घर धुतायत ते लोक कुठंत?” दवाखान्याच्या गटातला एक मुलगा म्हणाला, “काही जण आपल्याकडंच बघतायत. म्हणजे फोटो काढणार हे त्यांना सांगितलं होतं.” तिसऱ्या प्रश्नाचं दार तिथून आपोआप उघडलं. ही छायाचित्रं प्लेग समितीने काय काम केलं ते दाखवण्यासाठी काढलेली आहेत. काम नीट चाललंय, हे त्यांना सांगायचं होतं.

मुंबईचं हे चित्र समोर आल्यावर पुण्याकडे वळलो. फळ्यावर तारखा एकीखाली एक लिहिल्या. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकॅशियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. १० जानेवारी १८९७ ला शास्त्रज्ञ हाफकिन यांनी स्वतः तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःलाच टोचून घेतली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला. १० मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या. जूनमध्ये रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या.

सावित्रीबाईंचं नाव या यादीत बघून वर्ग चमकला. त्यांची जयंती आम्ही दर ३ जानेवारीला साजरी करतो, पण त्या प्लेगने गेल्या, मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन मुलगा यशवंतच्या दवाखान्यात पोचवताना त्यांना लागण झाली, हे फार थोड्यांना माहीत होतं. आणि ते त्याच काही महिन्यांत घडलं, ज्या महिन्यांत पुण्यात घरझडत्या चालल्या होत्या. पुस्तकात सावित्रीबाई एका धड्यात आणि चाफेकर दुसऱ्या धड्यात आहेत. शहर एक आणि साथ एकच, हे तारखा खाली-वर लिहिल्यावरच मुलांना दिसलं, आणि खरं सांगते, मलाही तेव्हाच दिसलं.

कायद्यावर तर दहा मिनिटं गेली. १८९७ चा तोच कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात लागू केला गेला, हे सांगितल्यावर ज्याने पत्र्यांचा विषय काढला होता तो मुलगा उभाच राहिला. “मग तेव्हा गोळ्या का घातल्या आणि आत्ता का नाही?” याचं उत्तर मी दिलं नाही. वर्गानेच शोधलं, आणि ते बरंच गुंतागुंतीचं निघालं. परकं सरकार, घरात शिरणारे गोरे सैनिक, भाषा न कळणं, छावणीत नेलेला माणूस परत येईल याची खात्री नसणं. एका मुलीने तपासणीच्या वेळी बायकांना काय वाटलं असेल ते विचारलं, आणि लगेच पुढचं विचारलं, “त्याचा फोटो का नाही?”

या प्रश्नासाठी मी गोपाळ कृष्ण गोखल्यांची गोष्ट राखून ठेवली होती. १८९७ मध्ये ते इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी सैनिकांनी स्त्रियांवर केलेल्या अत्याचाराची तक्रार तिथे जाहीरपणे मांडली. सरकारने पुरावा मागितला. परत आल्यावर समोर येऊन सांगायला कुणी तयार होईना, आणि गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. आठवीच्या मुलांना हे कितपत सांगावं यावर मी दोन दिवस विचार केला होता. ‘अत्याचार’ एवढाच शब्द वापरला, तपशिलात गेले नाही. पण प्रश्न मात्र पूर्ण ठेवला: पुरावा मिळाला नाही म्हणजे घडलं नाही, असं म्हणता येईल का? वर्गात दोन तट पडले. घंटा झाली तरी वाद थांबेना, पुढच्या तासाचे सर दारात येऊन उभे राहिले.

भाषेची अडचण मोठी आहे, तीही सांगायला हवी. या भांडारांतलं बहुतेक सगळं इंग्रजीत आहे. यंत्राने केलेलं भाषांतर मी दोनदा वापरून बघितलं आणि सोडलं, त्यातली वाक्यं मुलांना कळत नाहीत. मग प्रत्येक छायाचित्राची ओळ मी मुलांसमोर सोपी करून सांगितली आणि मराठी मथळा त्यांच्याकडून लिहून घेतला. विलगीकरण छावणीला एका गटाने ‘गावाबाहेरचा क्वारंटाइन’ लिहिलं, ते मी तसंच ठेवलं. खाली संग्रहाचं नाव आणि श्रेय लिहायचं, हेही ठरवून केलं. मोफत मिळालं तरी ते कुणीतरी जपून ठेवलंय, ही जाणीव मुलांना या वयातच हवी असं मला मनापासून वाटतं.

गृहपाठ एकच दिला होता, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला प्लेगबद्दल विचारून या. बेचाळीसपैकी नऊ जणांनी काहीतरी आणलं. एकीच्या पणजीने आपल्या सासूकडून ऐकलेलं सांगितलं होतं: घरात उंदीर मरून पडला की भांडीकुंडी घेऊन अख्खं गाव रानात खोपी करून राहायचं, चूल तिथंच पेटायची, आणि परत कधी यायचं ते जाणती माणसं ठरवायची. वहीच्या अर्ध्या पानावर पेन्सिलीने लिहिलेला तो मजकूर आहे. लंडनच्या आल्बममध्ये हे कुठेच नाही.

आम्ही तो कागद छायाचित्रांच्या रांगेत शेवटी लावला. लावताना त्या मुलीने विचारलं, खाली मूळ पान म्हणून काय लिहू? वर्गाने थोडी चर्चा केली आणि तिने पणजीचं नाव, गावाचं नाव आणि विचारल्याची तारीख लिहिली. मग ती दवाखान्याच्या छायाचित्राकडे गेली, खाटेवरच्या माणसाचं नाव कुठे आहे का ते शोधलं, आणि मथळ्याखाली पेन्सिलीने लिहिलं, ‘रुग्णाचं नाव लिहिलेलं नाही.’