समुद्राकाठचं मार्केट 'परत आलं' म्हणजे नक्की काय आलं?

समुद्राकाठची जमीन काही वाढत नाही, त्यामुळे मंदी गेली की तिथली घरं सगळ्यात आधी उसळी मारतात, हे इतक्या लोकांकडून इतक्या ठामपणे ऐकलंय की आता कोणी म्हटलं तर मी फक्त एवढंच विचारतो, कुठला समुद्र?

कारण 2008 च्या मंदीतली अमेरिकेतली दोनच शहरं घ्या, सॅन फ्रान्सिस्को आणि मायामी. दोन्हीकडे पाणीच पाणी, दोन्हीकडे 2006 मध्ये भाव शिगेला पोचलेले आणि नंतर दोन्हीकडे जवळपास निम्म्यावर आलेले. केस-शिलर इंडेक्स (अमेरिकेतल्या घरांच्या भावाचा निर्देशांक) काढून बघितला तर सॅन फ्रान्सिस्कोचा तळ 2009 मध्येच लागला आणि 2015 च्या आसपास जुना भाव परत दिसला. मायामीचा तळ लागायला 2011 उजाडलं आणि 2006 चा भाव परत यायला थेट 2021. म्हणजे किनारा तोच (बरं, महासागर वेगळे, पण मुद्दा कळला ना), आणि फरक पाच-सहा वर्षांचा. ज्याने 2006 ला मायामीत घेतलं त्याला 2021 ला 'पैसे वसूल झाले' असं वाटलं असेल तर तेही खरं नाही, कारण तेवढ्या काळात तिथली महागाई 30 टक्क्यांहून जास्त वाढली होती, म्हणजे कागदावर बरोबरी आणि खिशात तोटाच.

मग फरक कशाचा? जमीन कमी हे कारण अर्धंच खरंय. सॅन फ्रान्सिस्कोत एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला डोंगर, आणि वर बांधायला परवानगी मिळता मिळत नाही. मायामीत जमीन कमी असली तरी आकाश मोकळं होतं, त्यामुळे तेजीत टॉवरवर टॉवर उठले, आणि ते घेणारे बरेचसे राहायला येणारे नव्हतेच, बुकिंग करायचं आणि पझेशनच्या आधी विकून मोकळं व्हायचं असा हिशोब. इकडे सॅन फ्रान्सिस्कोला टेक कंपन्यांचे पगार होते, म्हणजे ऑफिसपासून जवळ घर हवंय म्हणून हप्ता भरू शकणारा माणूस हजर होता. समुद्राचा व्ह्यू बोनस.

दुसरं कारण लोक बोलतच नाहीत कारण ते बोअरिंग आहे, कोर्ट. कॅलिफोर्नियात बहुतेक थकलेली कर्जं कोर्टात न जाता नोटीस देऊन वसूल होतात, नियम बघितले तर कमीत कमी चारेक महिन्यांत घर लिलावाला येऊ शकतं. फ्लोरिडात प्रत्येक जप्ती कोर्टातून. फायली साठत गेल्या, त्यात 2010 मध्ये बाहेर आलं की बँकांची माणसं न वाचताच जप्तीच्या कागदांवर धडाधड सह्या करत होती, मग सगळं अजून थांबलं, आणि एकेक घर वर्षानुवर्षं ना धड मालकाचं ना बँकेचं अशा अवस्थेत पडून राहिलं. घरमालकाच्या बाजूने विचार केला तर कोर्ट असणं चांगलंच, ते नको असं मी म्हणत नाही. पण मार्केट लवकर सावरायला हवं असेल तर अडकलेली घरं सुटणं गरजेचं असतं, आणि इथे ती सुटतच नव्हती.

आता किनाऱ्यावरच्या टॉवरमध्ये हे अडकणं कसं चालतं ते बघा, मला सगळ्यात इंटरेस्टिंग हेच वाटतं. समजा 200 फ्लॅटची बिल्डिंग आहे, त्यातले 60 मालक हप्तापण भरत नाहीत आणि मेंटेनन्सपण नाही. लिफ्ट, स्विमिंग पूल, खाऱ्या हवेने गंजणारं रेलिंग, पूर्ण बिल्डिंगचा विमा, खर्च तर सगळा तेवढाच, मग उरलेल्या 140 जणांवर जादा वर्गणी बसते. अमेरिकेत घरकर्जाच्या मोठ्या सरकारी-निमसरकारी यंत्रणांचा साधारण नियम असा की 15 टक्क्यांपेक्षा जास्त फ्लॅटची मेंटेनन्सची थकबाकी असेल तर त्या बिल्डिंगमधल्या कुठल्याच फ्लॅटचं कर्ज त्या बँकेकडून विकत घेत नाहीत, म्हणून बँकाही ते द्यायला कचरतात. म्हणजे तुम्ही स्वतः एक रुपया न थकवलेले असलात, पगार उत्तम, क्रेडिट उत्तम, तरी तुमचा फ्लॅट विकत घ्यायला कर्जवाला (कर्ज काढून घेणारा) येणं जवळपास अशक्य, येणार तो बहुतेक रोखवालाच, आणि रोखवाल्याला माहीत असतं की दुसरं कोणी रांगेत नाही त्यामुळे तो सांगेल तो भाव. त्या भावाने शेजारच्या फ्लॅटची किंमत ठरते, मग अजून दोन जण वैतागून हप्ते सोडून देतात. चक्र चालू.

मायामीत हे चक्र तोडलं ते बाहेरच्या रोख पैशाने, व्हेनेझुएला, अर्जेंटिना, ब्राझीलच्या लोकांनी, ज्यांना आपल्या देशातून पैसा बाहेर काढून डॉलरमध्ये ठेवायचा होता. मग बिल्डरही शहाणे झाले, आधी 20 टक्के भरून बुकिंग व्हायचं ते पुढच्या खेपेला बांधकाम चालू असतानाच 50 टक्क्यांपर्यंत मागायला लागले. याने बँकांचा धोका कमी झाला हे खरं, पण हप्त्यावर घर घेणारा तिथला नोकरदार या सगळ्यात कुठेच नव्हता. भाव वर गेले, पेपरात 'रिकव्हरी' आली.

स्पेनच्या भूमध्य किनाऱ्यावर तर गिऱ्हाईकच दुसऱ्या देशातलं. 2007 च्या सुरुवातीला एका पौंडाला साधारण दीड युरो मिळायचे, 2008 संपताना जवळपास एकच, म्हणजे ब्रिटिश माणसासाठी तोच व्हिला भाव न वाढता दीडपट महाग. त्यात लाखो नवी घरं न विकलेली. 2012 ला बँकांची बुडीत मालमत्ता घ्यायला 'सारेब' नावाची कंपनी काढली, 2013 ला पाच लाख युरोंचं घर घ्या आणि राहायचा परवाना घ्या अशी स्कीम आणली (ती 2025 ला बंद केली, घरं स्थानिकांना परवडेनात म्हणून!), तरी तळ लागायला 2014 आलंच. सेकंड होम ही मंदीत सगळ्यात आधी कॅन्सल होणारी गोष्ट, आणि परत घ्यायची वेळ आली की माणूस आधी राहत्या घराचं बघतो.

म्हणून मी भावाचा ग्राफ शेवटी बघतो. आधी बघतो किती सौदे कर्जावर होतायत आणि किती रोखीत. कर्जवाला परत आला की ते मार्केट सावरलंय असं मी धरतो, तोपर्यंत फक्त भाव चढलेत.

आणि आता यात विम्याची भर पडलीये. कर्ज असेल तर बँक विमा सक्तीने घ्यायला लावते, रोखवाला रिस्क घेऊन विम्याशिवाय राहू शकतो, त्यामुळे वादळं वाढून प्रीमियम वाढला की त्याचा पहिला फटका परत हप्तेवाल्यालाच. त्यात 2021 च्या जूनमध्ये मायामीजवळ सर्फसाइडला टॉवर कोसळून 98 माणसं गेली, त्यानंतर फ्लोरिडाने कायदा केला, तीन मजली आणि त्याहून उंच जुन्या कॉन्डो (मालकीच्या फ्लॅटच्या) बिल्डिंगची तपासणी सक्तीची, दुरुस्तीचा फंड बाजूला ठेवणंही सक्तीचं. करायलाच हवं होतं, आणि खरं तर आधीच. पण वर्षानुवर्षं मेंटेनन्स कमी ठेवून खूश असलेल्या बिल्डिंगांना एकदम मोठी बिलं आली, पेन्शनवर राहणारे लोक फ्लॅट विकायला निघाले, आणि त्याच किनाऱ्यावर स्वतंत्र घरं टिकून असताना जुने फ्लॅट मात्र पडेल भावाला. दोन्हींची सरासरी काढून कोणी म्हणालं मार्केट स्थिर आहे, तर त्याला आधी बिल्डिंग किती साली बांधलेली ते विचारा.