तुम्ही विचारलंत म्हणून: वाडा भाड्यानं देऊन परवडते का?

लग्नात भेटा, मयतीत भेटा, धामणगावच्या प्लॅटफॉर्मवर भेटा, दोन मिनिटांत विषय वाड्यावर येतोच. "भाऊ, एवढा वाडा भाड्यानं दिला तर महिन्याले सुटते किती? आमचाही पडलाच आहे, देऊन टाकू काय?" विचारणाऱ्यातल्या अर्ध्यांना आकडा पाहिजे असतो अन् अर्ध्यांना मी पस्तावतो की नाही ते पाहायचं असते. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आकडा आधी. 2019 मध्ये समृद्धी महामार्गाचं काम सुरू झालं तेव्हा रस्त्याच्या कामावरच्या एका कंपनीनं अख्खा वाडा बारा हजारानं घेतला. गावात तेव्हा एका खोलीला कोणी हजार रुपये देत नव्हतं, त्यामुळं सगळ्यांना वाटलं याची लॉटरी लागली. आता त्यातून वजा करा ग्रामपंचायतीचा घर टॅक्स, दर उन्हाळ्यात कवेलू फेरणं, (वानरं एका दुपारी जेवढे कवेलू फोडतात तेवढ्यात अर्ध्या महिन्याचं भाडं जाते), उधईचं औषध, सपरीच्या खांबाची डागडुजी, अन् उरलं त्याचे तीन वाटे, एक माझा, एक पुण्याच्या चुलतभावाचा, एक आत्याचा. इन्कम टॅक्सवाले भाड्यातून घराचा टॅक्स वजा करू देतात अन् राहिलेल्यावर सरसकट 30 टक्के सूट, डागडुजी कितीची का होईना. मातीच्या घराची डागडुजी तीस टक्क्यांत बसवून दाखवा, मी जेवण देतो.

यूट्यूबवाले सांगतात वर्षाचं भाडं भागिले घराची किंमत, म्हणजे परतावा निघतो. किंमत कोणती धरू बाप्पा? गावठाणातल्या वाड्याला गिऱ्हाईकच नाही. जो येतो तो भिंतींकडं पाहतही नाही, सागवानाचे खांब मोजून जातो.

मग दिला काहून? कुलूप लावलेलं मातीचं घर बसते म्हणून. सारवणं नाही, झाडणं नाही, कुठं गळते ते पाहायला कोणी नाही. आमच्या शेजारचा वाडा तसाच बसला अन् त्याच्या मालकांनी मला कधी विचारलं नाही की भाऊ, परवडलं काय. मलाच सगळे विचारतात.

कागदाचं म्हणाल तर मी सगळं रीतसर केलं. शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी मारून अकरा महिने चालवणारे तेव्हा गावोगाव होते, पण 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं 55 कलम मी वाचलं होतं, करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची, अन् नसेल केला तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरायचं, मालक उलट सिद्ध करेपर्यंत. हा कायदा आपल्या खेड्याला लागू आहे की नाही या भानगडीत मी पडलोच नाही, सरळ नोंदवून टाकला. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे वापरायची परवानगी फक्त, ताबा आपलाच. मुद्रांक एकूण भाड्याच्या पाव टक्का, खेड्यातली नोंदणी फी पाचशे. हजाराच्या आत काम. आत्याचा अंगठा मशीन घेत नव्हती, आयुष्यभर कापूस वेचून रेषा राहिल्याच नाहीत, शेवटी दुसऱ्या बोटावर जमलं. करारात मी लिहून घेतलं होतं, "देवघर वगळून". याचा मला फार अभिमान होता.

आता देवघराला जायची वाट माजघरातून आहे हे कागदावर कुठं दिसते?

भाद्रपद आला. आमच्या महालक्ष्म्या वाड्यातच बसतात, मुखवटे देवघरातल्या पेटीत. मी सुपरवायझरला आधीच सांगून ठेवलं होतं अन् खरं सांगतो, त्या माणसांनी काही कमी केलं नाही. माजघरात पोकलेन ऑपरेटरांच्या खाटा होत्या त्या त्यांनी स्वतः उचलून सपरीत नेल्या, फरशी धुतली, एकानं तर गावातून झेंडूची फुलं आणली. पण कंपनीनं दारावर वॉचमन ठेवला होता, अन् त्याच्याजवळ रजिस्टर. त्याला कोणी सांगायचं राहिलं की सांगून तो विसरला, काय माहीत. आत्या ऑटोतून उतरली, डोक्यावर पदर, हातात सोळा भाज्यांची पिशवी, अन् त्यानं तिला दारात थांबवलं. "माताजी, किससे मिलना है? इसमें नाम लिखिए."

मी आत होतो, बाहेर आलो तोवर ती वाकून लिहून राहिली होती. सासरचं नाव नाही लिहिलं. माहेरचं लिहिलं, बापाच्या नावासकट, चौथीपर्यंतच्या शाळेतल्या मोठ्या मोठ्या अक्षरात. कोणाला भेटायचं हा रकाना कोरा. मग माझ्याकडं पाहून म्हणाली, "माह्या बापाच्या घरात जायले मले चिठ्ठी लागते काय रे?"

अन् मी काय बोललो? म्हणालो, "आत्या, करार झाला आहे न, तुझंही बोट आहे त्यावर."

हे वाक्य मी पुष्कळदा मनात फिरवून पाहिलं. चूक काहीच नाही त्यात, तिचं बोट होतंच. तिनं काही उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी पुरणाचा स्वयंपाक तिनंच केला, मागच्या न्हाणीकडं जाणारे ऑपरेटर खांद्यावर टॉवेल घेऊन भिंतीला घसटून जात होते अन् ती दर वेळी पातेलं इकडून तिकडं सरकवत होती. त्यांनाही वाढलं, आग्रह करून वाढलं. जेवणं झाली अन् ऑटो बोलावला. विसर्जनाला थांबली नाही.

2019 चा मी असतो तर म्हणालो असतो, इमोशनल व्हायचं नाही, ही प्रॉपर्टी आहे. त्याला मी विचारतो, मग ते देवघर काहून वगळलं बे? प्रॉपर्टी होती तर त्या खोलीचेही पैसे लावायचे. तो म्हणतो, पैसे नसते आले तर छप्पर राहिलं असतं काय, अन् छप्पर नसतं तर महालक्ष्म्या कुठं बसवल्या असत्या? यावर माझ्याजवळ उत्तर नाही, पण मी त्याला बरोबर आहे असंही म्हणणार नाही. अन् हेही लिहून ठेवतो की आत्या आपला वाटा दर महिन्याला घेते, दोन दिवस उशीर झाला की फोन करते.

2022 च्या डिसेंबरात शिर्डीपर्यंत रस्ता सुरू झाला त्याच्या आधीच कंपनी निघून गेली होती, भिंतीवर हिंदीत फोन नंबर अन् हिशेब सोडून. मग एक कापूस व्यापारी आला, ढाळजेत गंजी लावतो म्हणे. आगीची भीती अन् घरभर खाज, नाही म्हटलं. सध्या पुढच्या खोल्यांत दोन शिक्षक राहतात, दोघं मिळून साडेतीन हजार देतात, मागचा भाग बंद. नव्या करारात मी अट टाकली की महालक्ष्म्यांचे तीन दिवस माजघर आम्हाला मोकळं पाहिजे. ते म्हणतात, सर, मग त्या महिन्यात भाडं कमी करा, अन् मला त्यांचं चुकीचं वाटत नाही.

करार आषाढात संपतो. पुण्याचा भाऊ म्हणतो विकून मोकळं होऊ. आत्याला विचारलं तर म्हणते, "पाहू, तवा बोट उमटते की नाही." शिक्षकांना न्हाणीत टाइल्स पाहिजेत, त्याचा खर्च तिघांत वाटायचा की मी एकट्यानं करायचा यावर भावाशी वाद सुरू आहे.